आधी हातात, मग सर्व्हरवर

एप्रिल उलटला की गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तरचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, न्यायचे. फळीवरचा मुन्शी पुडे मोजतो, आकडा आपल्या वहीत लिहितो आणि तोच आकडा पान आणणाऱ्याच्या कार्डावरही चढवतो. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे या भागातल्या कित्येक ग्रामसभा आता पानांचा लिलाव स्वतः करतात, त्यामुळे वहीतला प्रत्येक आकडा मजुराइतकाच गावाच्याही पैशाचा असतो.

हा हिशेब मोबाइलवर आणायचा म्हणून पुण्या-नागपूरच्या एखाद्या कंपनीला ॲप बनवायला सांगितलं, तर रंग, बटणं आणि लोगो यांच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा. फळीवर रेंज नसेल तर नोंद कुठे जाणार? ती फोनमध्येच पक्की लिहिली जावी, नंतर रस्त्याला लागल्यावर किंवा तालुक्याला आल्यावर आपोआप सर्व्हरवर पोचावी आणि वाटेत हरवू नये, दुप्पटही होऊ नये, हे त्याचं उत्तर. व्यवसायाची ॲप बनवणारे याला ऑफलाइन-फर्स्ट म्हणतात. मागास भागासाठी नंतर जोडलेली सोय म्हणून शहरात तिच्याकडे पाहिलं जातं. तिचं कूळ मात्र स्मार्टफोनच्या बरंच आधीचं आहे, आणि दूर असलेल्या माणसाचा हिशेब कसा धरायचा या अडचणीतूनच ते निघालेलं आहे.

या कुळातला एक पूर्वज एटापल्लीला सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अहेरी आगाराच्या एसटीतला कंडक्टर. पूर्वी त्याच्या हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच असे. प्रत्येक दराच्या गठ्ठ्यावर आधीच छापलेले क्रमांक असत आणि कुठल्या टप्प्यावर कुठला क्रमांक चालू आहे ते वेबिलावर लिहिलं जाई. गाडी दिवसभर जंगलातून फिरली तरी आगाराला काही विचारावं लागत नसे. मुक्कामाहून परतल्यावर रोकड आणि क्रमांक जुळले की झालं. पुढे बॅटरीवर चालणारं तिकीट मशीन आलं, पण रीत तीच राहिली. तिकीट मशीनच्या पोटात साठे आणि आगारात आल्यावर सगळा हिशेब एकदम उतरवून घेतला जाई.

जगात हीच वाट आधी कुरिअरवाल्यांनी मळली. अमेरिकेतल्या फेडएक्सने १९८६ साली आपल्या माणसांच्या हाती सुपरट्रॅकर नावाचं बारकोड वाचणारं यंत्र दिलं. दारात पाकीट वाचायचं, नोंद यंत्रात ठेवायची आणि गाडीत परतल्यावर तिथल्या उपकरणातून ती मुख्य संगणकाकडे पाठवायची. धंद्यासाठी, कामावरच्या माणसाच्या हातात आणि जागेवरच नोंद घेणारं, अशी मोबाइल ॲपची व्याख्या केली तर ॲपचा जन्म ॲपलने २००८ च्या जुलैत सुमारे पाचशे ॲप मांडून उघडलेल्या दुकानात झाला असं म्हणता येत नाही. तो दोन दशकं आधी, सामान पोचवणाऱ्यांच्या गाडीत झाला.

या रीतीला शास्त्राचा पाया मिळाला संशोधकांच्या कामातून. १९७८ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका निबंधात वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम कसा लावायचा ते मांडलं. दोन यंत्रांची घड्याळं जुळतीलच असं नसतं. म्हणून घड्याळावर विसंबण्याऐवजी आधी कोणती आणि नंतर कोणती घटना, हे निरोपांच्या देवघेवीवरून ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. कुणाच्या फोनची तारीख चुकलेली असेल आणि त्याने काल केलेली नोंद उद्याची म्हणून आली, तर तो घोळ याच जातीचा असतो.

पुढचं मोठं पाऊल कार्नेगी मेलन विद्यापीठातलं. मूळचे भारतातले संगणकशास्त्रज्ञ एम. सत्यनारायणन तिथे कोडा नावाची फाइल-व्यवस्था घडवत होते. जेम्स किस्लर यांच्यासह त्यांनी १९९१ साली जोडणी तुटलेली असतानाही काम चालू ठेवण्याची पद्धत मांडली. तिचे टप्पे तीन. जोडणी आहे तोवर लागणारी माहिती जवळ साठवून घ्यायची, जोडणी गेली की त्या साठ्यावर काम चालवायचं, आणि जोडणी परत आली की केलेले बदल मुख्य जागी मिळवायचे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, म्हणून या भागातल्या दुर्गम गावांना चार महिन्यांचं धान्य आगाऊ पोचवलं जातं. कोडाचा पहिला टप्पा तोच आहे. पूर येणार हे धरून चालायचं आणि शिधा आधी भरायचा.

धंद्याच्या जगात हे आधीच थोडं उतरलं होतं. रे ओझी यांच्या चमूने बनवलेलं आणि १९८९ च्या डिसेंबरात बाजारात आलेलं लोटस नोट्स एकाच दप्तराच्या अनेक प्रती वेगवेगळ्या कचेऱ्यांत ठेवत असे आणि अधूनमधून त्या एकमेकींशी जुळवून घेत असे. त्याच नोट्सवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ साली काउचडीबी नावाचा डेटाबेस सुरू केला. आजच्या कित्येक ऑफलाइन ॲपमागची जुळवणीची कल्पना तिथून वाहत आली आहे.

मला मात्र या कुळातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती एका युद्धनौकेवरची. २००० साली रिचर्ड हिप हे प्रोग्रॅमर अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेसाठी एका कामावर होते. जहाजाला मार बसून पाइप फुटला तर कुठली झडप बंद करायची, हे सांगणारी ती प्रणाली होती. माहिती एका वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर होती. तो बंद पडला की पडद्यावर नुसता जोडणी होत नसल्याचा संदेश उरे, आणि नेमकी गरज असते तेव्हाच प्रणाली निकामी होई. हिप यांनी विचारलं, मध्ये सर्व्हर हवाच कशाला? सगळा डेटाबेस एका साध्या फाइलमध्ये, प्रोग्रॅमच्या शेजारीच का नसावा? त्यातून एसक्यूलाइट जन्मली. ती कुणाच्याही मालकीची न ठेवता सर्वांना मोकळी केली गेली. आज ती प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि आयफोनमध्येही आहे. एटापल्लीच्या बाजारात घेतलेल्या स्वस्तातल्या फोनच्या पोटातसुद्धा हजारो नोंदी सुखरूप ठेवील असा पक्का डेटाबेस आधीच बसलेला असतो. साधन हातात असताना शहरातलं ॲप रेंज गेल्यावर कोरा पडदा दाखवत असेल, तर तो ॲप बनवणाऱ्याचा हलगर्जीपणा आहे.

महाराष्ट्रातही या कुळाची एक शाखा आहे. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. सत्तर गावं संगणक केंद्रांनी जोडायची असा तो बेत होता. शेतमालाचे भाव, शिक्षण, शेतीचा सल्ला, सगळं त्यातून मिळायचं होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी पाहिलं, तेव्हा केंद्रांचा खरा वापर मोजक्याच कामांसाठी होत होता. आपला ऊस किती भरला, खत किती उचललं, येणं-देणं किती, एवढंच. मग त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिलं. तीच कामं कमी खर्चात झाली आणि शेतकऱ्यांना ती पद्धत अधिक आवडली. या प्रयोगाचं नाव वारणा अनवायर्ड. धंद्याचं ॲप बनवायला निघालेल्या प्रत्येकाने तो वाचावा, कारण माणसाला खरोखर कुठली चार कामं करायची आहेत हे त्यात आधी शोधलेलं आहे.

त्याच सुमारास, २००८ मध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठातले गेटानो बोरिएलो आणि त्यांचे विद्यार्थी अँड्रॉइडसाठी ओपन डेटा किट घडवू लागले. जिथे नेटवर्क येतं-जातं तिथे फोनवर अर्ज भरायचा, साठवायचा आणि नंतर पाठवायचा, एवढं साधं काम. आफ्रिकेतल्या आरोग्यसेवकांपासून जगभरच्या सर्वेक्षणांपर्यंत ते पसरलं. आपल्याकडची ई-पीक पाहणी याच घराण्यातली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या ॲपमध्ये शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद करतो. शेतात रेंज नसली तरी फोटो आणि जागा टिपता येते, कारण जीपीएसचे संकेत थेट उपग्रहांकडून येतात, त्यांना मोबाइलचा टॉवर लागत नाही. अपलोड मागाहून करता येतं.

मुद्दा आता बारीक कारागिरीचा. फळीवर दोन मुन्शी दोन फोनांवर नोंद करत असतील आणि दोघांनीही सर्व्हरला न विचारता पुढचा क्रमांक दिला, तर दोन पावत्या एकाच क्रमांकाच्या होतील. म्हणून फोन स्वतःच इतका लांबलचक आणि यादृच्छिक क्रमांक बनवतो की दुसऱ्या कुणाचा तसाच निघण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. कंडक्टरच्या गठ्ठ्यावर आधीच छापलेला क्रमांक हेच काम करत होता. दुसरी अडचण अधिक फसवी. नोंद सर्व्हरला पोचते, पण पोचल्याचा निरोप परत येताना रेंज जाते. फोनला वाटतं, गेली नाही. तो पुन्हा पाठवतो आणि मजुराचे दोनशे पुडे चारशे होतात. क्रमांक तोच असेल तर सर्व्हर दुसरी प्रत ओळखून बाजूला ठेवतो.

तिसरी गोष्ट जुन्या दिवाणजींना ठाऊकच होती. एकूण शिल्लक थेट बदलायची नाही, तर रोजची आवक लिहायची. दोन फोनांनी एकूण पुडे अमुक असं पाठवलं तर एकाचा आकडा दुसऱ्याचा आकडा खाऊन टाकतो. आज एवढे आले अशा नोंदी पाठवल्या तर त्या कुठल्याही क्रमाने पोचल्या तरी बेरीज बरोबर येते. चूक झाली तर खोडायचं नाही, उलटी नोंद करायची.

पैशाच्या बाबतीत मात्र हे कूळ अजून धडपडतं आहे. नोंदीची प्रत झाली तर ओळखता येते, पण रेंज नसताना तोच रुपया दोन ठिकाणी खर्च झाला तर नुकसान कुणाचं? म्हणून रिझर्व्ह बँकेने ३ जानेवारी २०२२ ला ऑफलाइन पेमेंटची चौकट आखली, तेव्हा एका व्यवहाराची मर्यादा २०० रुपये आणि एकूण मर्यादा २,००० रुपये एवढीच ठेवली. तेंदूची मजुरी त्या मर्यादेत बसत नव्हती.

टॉवर सुधारताहेत, हे खरं. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये दहा राज्यांच्या नक्षलग्रस्त भागांतले २,३४३ टू-जी टॉवर फोर-जी करायला मंजुरी दिली. तरी रेंज येईल तेव्हा बघू, असं म्हणून ॲप बनवणं मला मान्य नाही. पावसात, वीज गेल्यावर, डोंगराच्या पलीकडे रेंज जाणारच. शिवाय अडथळा फक्त रेंजचा नसतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, ते निकृष्ट फोन आणि इंग्रजीतलं ॲप यांच्या विरोधात. ज्याने भरायचं त्याची भाषा ॲपला येत नव्हती. एटापल्लीत तर मराठीशेजारी माडिया आहे, तेलुगूही आहे. आकडा वाचून दाखवणारा आवाज इथे शोभेची गोष्ट ठरत नाही, ती गरज आहे.

एखाद्या ग्रामसभेने किंवा व्यापाऱ्याने ॲप करून घ्यायचं ठरवलं, तर पैसे देण्याआधी परीक्षा साधी घ्यावी. फोन विमान मोडवर टाकायचा. पन्नास नोंदी करायच्या. फोन बंद करून पुन्हा चालू करायचा आणि त्या पन्नासही दिसतात का ते पाहायचं. आत शिरताना ओटीपी मागितला तर तिथेच नापास, कारण ओटीपीला रेंज लागते. मग एटापल्लीला येऊन रेंज लावायची, अर्ध्या नोंदी जाताच मुद्दाम तोडायची, पुन्हा लावायची आणि सर्व्हरवर मोजायचं. एकोणपन्नास नकोत आणि एक्कावन्नही नकोत. ही परीक्षा मार्चमध्येच उरकावी, म्हणजे हंगाम लागण्यापूर्वी दुरुस्तीला महिना हाताशी राहतो.