खारीक, कंट्रोल आणि जहाजाची वाट

२०१९ ची रमजान ईद ५ जूनला होती. आठवडाभर आधी मी राजापेठेतल्या नेहमीच्या किराणा दुकानात यादी घेऊन गेले. शेवया, चारोळी, काजू, मनुका, खसखस आणि खारीक. बाकीच्या पुड्या बांधून झाल्या, खारकेपाशी दुकानदार थांबला. "मॅडम, खारकेचं नोका विचारू. भाव आइकसान तं घाबरसान."

शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यांच्या यादीतही खारीक होती. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, बदाम, खारीक असं ओटीचं सामान त्या काढत होत्या. बरणीत उरली होती जेमतेम अर्धा किलो. आम्ही दोघींनी एकाच वेळी बरणीकडे पाहिलं. आमच्यात काही बोलणं व्हायच्या आत दुकानदाराने तागडी उचलली आणि पाव-पाव किलोच्या दोन पुड्या बांधल्या. "दोघीई न्या. माल कवा येईन, सांगता येत नाही."

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांची फोड करायची खोड आहे. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. शीरखुर्म्यातून खारीक काढली तर उरतं ते नुसतं दूध. आमच्या ईदचा आणि त्या बाईंच्या ओटीचा हा जिन्नस तोवर बहुतांश सिंधमधून यायचा. तिथल्या खैरपूर भागात खजूर पूर्ण पिकायच्या आत उतरवतात, उकळतात आणि उन्हात वाळवतात. तीच आपली खारीक. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाचा हल्ला झाला आणि दोनच दिवसांनी भारताने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलं. त्या निर्णयाची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. माझ्या मनात आलं ते वेगळंच. सीमेवर काही घडतं आणि साडेतीन महिन्यांत राजापेठेतली बरणी रिकामी होते. आपलं स्वयंपाकघर इतक्या दूरच्या गोष्टींना कधीपासून बांधलं गेलं?

पेव गेलं, पिशवी आली

याचं उत्तर शोधत मागे गेलं, की वाट कापसापाशी पोहोचते.

पूर्वी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरची ज्वारी जमिनीतल्या पेवात असायची. चांगल्या सालात पेव भरायचं आणि वाईट सालात उघडायचं. कापूस तेव्हाही होता आणि तो बैलांच्या पाठीवर थेट मिर्झापूरपर्यंत जायचा, पण पोट चालायचं पेवावर. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. लाखो कामगार घरी बसले. मँचेस्टरचे लोक आपल्या कापसाच्या जहाजाची वाट पाहू लागले.

शाळेत आपण हा इतिहास व्यापाराच्या बाजूने शिकतो. भाव वाढले, मुंबईत पैसा आला, १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे. लँकेशायरचा कामगार हिंदुस्थानी कापसाला 'सुरत' म्हणायचा आणि त्याला शिव्या घालायचा. धागा आखूड, कचरा फार, सूत सारखं तुटायचं. टंचाईत जो माल मिळतो तो कधीच आवडीचा नसतो. हे पुढे आपल्याही वाट्याला येणार होतं.

भाव कोसळले तरी कापूस गेला नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत फाटा आला. रेल्वेने कापूस बाहेर जाणं सोपं झालं आणि ज्वारीच्या कितीतरी शेतांत कापूस आला. ज्याच्या शेतात कापूस, त्याला दाणे विकत घ्यावे लागतात. पेव ओस पडत गेलं आणि बाजाराची पिशवी आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाडलाही होरपळलं, तेव्हा हातात पैसा नसलेल्या माणसाला रेल्वेने आलेला दाणा फक्त बघता आला. वऱ्हाडातलं घर गिऱ्हाईक झालं ते असं.

'कंट्रोल' हा शब्द

आमच्याकडे रेशनच्या दुकानाला आजही 'कंट्रोल' म्हणतात. "कंट्रोलचे गहू आले का?" असं मराठी शेजारीण विचारते आणि "कंट्रोल की शक्कर" असं आम्ही घरात म्हणतो. हा शब्द दुसऱ्या महायुद्धाचा आहे. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. कापडावरही सरकारी नियंत्रण आलं. एकामागून एक कंट्रोलचे हुकूम निघाले आणि लोकांनी तो इंग्रजी शब्द आपला करून टाकला.

दादी तेव्हा लहान होती. तिला धान्याचं फारसं आठवत नसे, कापडाचं मात्र आठवे. तिच्या थोरल्या बहिणीच्या निकाहचा जोडा मावसबहिणीकडून मागून आणलेला होता आणि समारंभ होताच घडी घालून परत गेला. "कपास के गाँव में कपड़ा नहीं था," असं ती सांगायची. घराबाहेरून कापसाच्या गाड्या जायच्या, आणि पेटीत कफनापुरता तरी तागा असावा म्हणून तिची आई जपून जपून पैसे बाजूला टाकायची. माल पिकतो त्याच गावात त्याची टंचाई होऊ शकते, हे मला पुस्तकाच्या आधी दादीकडून कळलं.

जहाजातून तोंडात

स्वातंत्र्यानंतर जहाज पुन्हा आलं, या वेळी गव्हाचं. अमेरिकेच्या पी. एल. ४८० या १९५४ च्या कायद्याखाली १९५६ मध्ये भारताचा करार झाला. गव्हाची किंमत रुपयांत द्यायची होती, त्यामुळे सौदा स्वस्त वाटला. पण १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन पावसाळे हुकले. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्धही झालं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार न करता थोडाथोडा गहू सोडायला सुरुवात केली. १९६६ मध्ये देशाने सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणलं. बंदरात जहाज लागलं की कंट्रोलवर गहू, उशीर झाला की रांग. जहाजातून थेट तोंडात, असं तेव्हाच्या जगण्याला म्हणत. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ, सोमवारी रात्री, जेवू नका असं सांगितलं आणि लोकांनी ते ऐकलं. कितीतरी खानावळी त्या रात्री बंद राहू लागल्या.

वऱ्हाडचा यातला वाटा लहान नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसदचे. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं त्यांनी १९६५ मध्ये जाहीर सभेत सांगितल्याचं जुनी माणसं अजून सांगतात. १९६४ मध्ये संकरित ज्वारी आली, जिला आपण 'हायब्रीड' म्हणतो. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ निघालं. तरीही १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला पुन्हा बंदराकडे पाहायला लावलं आणि अमेरिकेतून लाल ज्वारी आली. तिचं नाव मिलो.

अम्मी तेव्हा पंधरा वर्षांची होती. मिलोची भाकरी थापताना कडा फाटायच्या, तव्यावरून काढताना तुकडे पडायचे आणि रंग विटकरीसारखा. लँकेशायरच्या कामगाराने 'सुरत'ला घातल्या तशाच शिव्या आपल्या लोकांनी मिलोला घातल्या आणि त्याच्यासारखंच तेच खाऊन दिवस काढले. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायांनी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध मोर्चे काढले, तेही याच वर्षांत. टंचाईचा पहिला हिशेब बाईच्या हातात येतो, म्हणून हत्यारही लाटणंच निघालं.

अम्मीला मिलोपेक्षा एक शब्द जास्त लक्षात आहे. ती कंट्रोलच्या रांगेत उभी असायची. नंबर जवळ आला की दुकानदार फळी ओढत म्हणायचा, "संपलं." आतल्या बाजूला पोती दिसत असायची.

तोच शब्द माझ्या तोंडी

आता जे सांगते ते सोपं नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, त्याच्या आधीच्या आठवड्यात मी तेलाचा पंधरा किलोचा पिपा, गव्हाचं पोतं आणि साखर भरून ठेवली. पगार नियमित होता, जागा होती. चूक इथवर नव्हती असं मी अजून मानते. मग रमजान लागला. समोरच्या घरात राहणाऱ्या बाईचा नवरा ऑटो चालवायचा आणि ऑटो महिनाभर उभा होता. एका दुपारी ती वाटी घेऊन आली आणि इफ्तारीपुरतं तेल मागितलं. मी म्हणाले, "हमारे पास भी खत्म हो गया, बाजी."

अम्मी आतून ऐकत होती. ती मला काही बोलली नाही. तिने किटली काढली, पिप्यातून भरली आणि स्वतः पलीकडे देऊन आली. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "संपलं म्हणणारा दुकानदार मी पाहिला होता. घरात पाहायचा राहिला होता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मुलांना हजरत यूसुफ यांचा किस्सा शिकवते. सात वर्षं सुकाळ, सात वर्षं दुष्काळ. सुकाळात धान्य कणसातच राखून ठेवायचं आणि दुष्काळात मोजून वाटायचं. साठवण्याची तारीफ तिथे आहेच. आणि दुसरीकडे फिक्हमध्ये इहतिकारची, म्हणजे भाव वाढावा म्हणून गरजेचा माल दाबून ठेवण्याची मनाई आहे. आपल्या देशात १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदाही तेच रोखतो. मी तेल विकणार नव्हते, त्यामुळे कायद्याने किंवा शरियतने मला साठेबाज कोणी म्हणणार नाही. पण यूसुफ यांच्या कोठाराचा दरवाजा मागायला आलेल्यासाठी उघडत होता, माझा पिपा उघडला नाही. फरक तेवढाच होता आणि तो पुरेसा होता.

इतिहासात मला आता हेच दिसतं. जहाज अडतं ते आपल्या हातात नसतं. १८६१ चं आरमार, १९४२ चं रंगून, १९६६ चं वॉशिंग्टन, कुठेच आपला हात पोहोचत नव्हता. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाचं तेल अडलं. ऐन रमजानच्या शेवटी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली. चहूकडे सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या वऱ्हाडात भज्यांच्या कढईतलं तेल मोजून पडू लागलं. आपल्या हातात असते ती दुकानापासून पुढची वाट: बरणीपासून पुडीपर्यंत, पिप्यापासून वाटीपर्यंत. माल तेवढाच असताना कोण उपाशी राहतं, हे बऱ्याचदा त्या छोट्या वाटेवर ठरतं.

आमच्या घरात तेव्हापासून अम्मीचा नियम चालतो. महिन्याचं सामान महिन्यालाच भरायचं. टंचाईची बातमी आली तर थोडं जास्त घ्यायचं, पण त्यातला एक वाटा आधी बाजूला काढून ठेवायचा, मागायला येणाऱ्यासाठी. कोणी आलं नाही तर ईदच्या आधी तो पोहोचवायचा. समोरच्या बाजीने ती दुपार कधी काढली नाही. मीच एकदा माफी मागितली, तर म्हणाली, "सबका डर था उस वक्त."

खारकेचं कोडं मात्र सुटलेलं नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून होणारी उरलीसुरली आयातही पूर्ण बंद झाली, तिसऱ्या देशामार्गे येणारीसुद्धा. पुढच्याच महिन्यात न्हावा शेवा बंदरात दुबईमार्गे आलेले असे कंटेनर पकडले गेले. त्यात खारीकही होती. आता दुकानात जी येते ती कधी लहान, कधी काळपट. दूध उकळल्यावरही पुरती फुगत नाही. दुकानदार म्हणतो, "हेच हाय मॅडम, आता हेच वापरा." मी रात्रभर भिजत घालते. अम्मी चाखते, तोंड वाकडं करते आणि मिलोची आठवण काढते.

गेल्या ईदला ओटीवाल्या त्या बाई त्याच दुकानात पुन्हा भेटल्या. मुलीला बाळ झालं होतं. या वेळी त्यांना डिंकाच्या लाडवांसाठी खारीक हवी होती. बरणी अर्धी होती. मी दुकानदाराला म्हटलं, "आधी त्यांना द्या."