कोसाइन रूपांतराची कुळकथा

डिजिटल चलचित्रातील प्रत्येक चित्रबिंदूची रंगमाहिती जशीच्या तशी साठवायची ठरवली, तर १९२० बाय १०८० बिंदूंच्या एका चौकटीला, दर बिंदूस २४ बिट धरून, सुमारे ५ कोटी बिट लागतात. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने हा आकडा १२४ कोटींवर जातो आणि अवघ्या एका मिनिटाच्या चित्रणाला ९ गिगाबाइटहून अधिक जागा खर्ची पडते. तेच मिनिट आज ४० मेगाबाइटच्या आत बसवता येते आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तरी सामान्य प्रेक्षकाला त्यांतला फरक सांगणे अवघड जाते. सुमारे अडीचशे पटींची ही घट साधणाऱ्या तंत्राला संपीडन किंवा रूढ भाषेत कॉम्प्रेशन म्हणतात. या तंत्राचे कूळ दुहेरी आहे. लागोपाठच्या चौकटी एकमेकींसारख्या असतात या निरीक्षणातून त्याची एक शाखा निघाली आणि एकाच चौकटीतील शेजारचे बिंदू एकमेकांसारखे असतात या निरीक्षणातून दुसरी. १९८० च्या सुमारास या दोन्ही एकत्र आल्या.

पहिली शाखा वयाने बरीच मोठी आहे. दूरचित्रवाणी अजून प्रायोगिक अवस्थेतच होती तेव्हा, १९२९ मध्ये, रे डेव्हिस केल या अभियंत्याच्या ब्रिटिश पेटंटात असे सुचवलेले आढळते की दर वेळी संपूर्ण चित्र पाठवण्याऐवजी आधीच्या चित्रापासून जेवढा फरक पडला तेवढाच पाठवावा. कल्पना अचूक होती, पण ती राबवायची तर मागची चौकट कोठेतरी साठवून ठेवायला हवी, आणि तशी स्मृती त्या काळी उपलब्ध नव्हती. बेल प्रयोगशाळेतील चॅपिन कटलर यांनी १९५० मध्ये दाखल केलेल्या पेटंटात फरक पाठवण्याचा हाच विचार डिजिटल संकेतांच्या भाषेत मांडला गेला. तेथेच १९६९ मध्ये फ्रँक माउंट्स यांनी जे बिंदू बदलले असतील तेवढेच ताजे करणारी योजना प्रसिद्ध केली. बातम्या वाचणाऱ्या व्यक्तीच्या चित्रात मागची भिंत, टेबल आणि दिवे स्थिर राहतात व ओठ, पापण्या आणि हात एवढेच हलतात, म्हणून अशा चित्रणात ही योजना उत्तम चालते. कॅमेराच सरकू लागला की मात्र प्रत्येक बिंदू बदलतो आणि सारी बचत नाहीशी होते.

या अडचणीवरचा उपाय असा, की बिंदू बदलला एवढेच न पाहता तो मागच्या चौकटीतील कोणत्या जागेवरून आला हे शोधायचे, ते विस्थापन दोन आकड्यांत कळवायचे आणि या अंदाजानंतरही जो फरक उरेल तेवढाच स्वतंत्रपणे पाठवायचा. याला गतिपूरक अंदाज म्हणता येईल. या विषयाच्या पायाभरणीत मुंबईच्या आयआयटीत शिकलेले अरुण नेत्रावळी यांचे नाव अग्रभागी येते; १९७९ मध्ये जॉन रॉबिन्स यांच्यासह त्यांनी बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध पुढच्या संशोधकांना वाट दाखवणारा ठरला. नेत्रावळी पुढे त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले आणि २००१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. मराठी वाचकाला त्यांच्या पदांची माहिती असते, पण खिशातल्या मोबाइलवर धावणाऱ्या प्रत्येक चित्रफितीत त्यांच्या त्या कामाचा अंश आहे हे सहसा सांगितले जात नाही. ते सांगितले गेले पाहिजे.

दुसऱ्या शाखेचा मूळपुरुष जोसेफ फूरिए. उष्णता कशी पसरते याचा अभ्यास करताना, कोणतीही वक्ररेषा निरनिराळ्या वारंवारतांच्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते, असे त्याने प्रतिपादन केले आणि १८२२ मधील ग्रंथात ते सविस्तर मांडले. चित्राची एक ओळ हीदेखील उजेडाची वक्ररेषाच असते, म्हणून तिचेही संथ आणि जलद लहरींत विघटन करता येते. ही कल्पना संपीडनाला उपयोगी पडते याचे कारण असे, की नैसर्गिक चित्रात बहुतेक ऊर्जा संथ लहरींत असते आणि मानवी डोळा जलद लहरींतील लहानसहान चूक फारशी टिपत नाही. यासाठी तात्त्विकदृष्ट्या सर्वोत्तम असे रूपांतर गणितज्ञांना माहीत होते. कारहुनेन आणि लोएव यांच्या नावाने ते ओळखले जाते. परंतु ते प्रत्येक चित्रासाठी नव्याने काढावे लागते आणि ते झटपट करण्याची सर्वसाधारण रीत नाही. उलट फूरिए रूपांतर १९६५ नंतर अतिशय वेगाने करता येऊ लागले होते, पण त्यात एक व्यंग होते. चित्राच्या ज्या लहान चौकोनी तुकड्यावर, म्हणजे ठोकळ्यावर, ते चालवायचे त्याचा उजवा काठ संपताच डावा काठ पुन्हा सुरू होतो असे ते मानते. त्यामुळे एका काठाला अंधार आणि दुसऱ्याला उजेड असेल तर मध्ये एक खोटी उडी निर्माण होते आणि ती वर्णन करण्यात जलद लहरी वाया जातात.

हा पेच सोडवणारे नासिर अहमद हे बंगळूरचे. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते न्यू मेक्सिको विद्यापीठात गेले, १९६६ मध्ये तेथे डॉक्टरेट मिळवली आणि पुढे कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. केवळ कोसाइन लहरींवर उभे असलेले रूपांतर अभ्यासावे असा प्रस्ताव त्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पाठवला. तो नामंजूर झाला. कल्पना फारच साधी आहे, अशा अर्थाचा एका परीक्षकाचा अभिप्राय आपल्या लक्षात राहिल्याचे अहमद यांनी १९९१ मध्ये लिहिले आहे. अनुदान नसतानाही त्यांनी १९७३ चा संपूर्ण उन्हाळा या प्रश्नाला दिला. त्यांचा डॉक्टरेटचा विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतील सहकारी के. आर. राव हे त्यांच्यासोबत होते. हाती आलेले निष्कर्ष इतके चांगले होते की त्यांवर अहमद यांचाच विश्वास बसेना, म्हणून त्यांनी चित्रसंस्करणातील जाणकार हॅरी अँड्र्यूज यांचा सल्ला घेतला आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे आणखी पडताळणी केली. जानेवारी १९७४ मध्ये संगणकविषयक एका नियतकालिकात तो निबंध अवघ्या काही पानांत छापून आला. कोसाइन रूपांतर ठोकळ्याच्या काठापाशी त्याचे आरशातले प्रतिबिंब जोडलेले आहे असे मानते, त्यामुळे काठावर उडीच पडत नाही. ते कोणत्याही चित्राला तेच राहते, फूरिएच्या द्रुत रीतीनेच करता येते आणि तरीही त्या सर्वोत्तम रूपांतराच्या अगदी जवळ पोहोचते. साधेपणा हा या रूपांतराचा दोष मानला गेला, आणि त्याच साधेपणामुळे ते पुढे लहानात लहान चिपवर बसू शकले, ही गोष्ट प्रस्ताव तपासणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रत्यक्षात काय घडते हे आठ बिंदूंच्या एका ओळीवरून स्पष्ट होईल. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा मानल्या आणि एखाद्या भिंतीवरचा हळूहळू वाढणारा उजेड १००, १०४, १०८, ११२, ११६, १२०, १२४, १२८ असा नोंदला गेला असेल, तर कोसाइन रूपांतरानंतर या आठ आकड्यांच्या जागी साधारणपणे ३२२.४, उणे २५.८, ०, उणे २.७, ०, उणे ०.८, ० आणि उणे ०.२ हे आकडे येतात. येथवर काहीही गमावलेले नाही. या आठांवरून मूळचे आठ पुन्हा काढता येतात. मात्र माहिती पहिल्या दोन आकड्यांत गोळा झाली आहे. यानंतरची पायरी क्वांटायझेशनची, म्हणजे प्रत्येक आकड्याला ठरावीक मापाने भागून जवळच्या पूर्णांकात बसवण्याची. येथे माप १० घेतले तर ३२ आणि उणे ३ एवढेच उरतात आणि बाकीचे सहा शून्य होतात. शून्यांची अशी सलग रांग अगदी मोजक्या बिटांत लिहिता येते. त्यावरून चित्र परत उभे केले की ९८, १०१, १०५, ११०, ११६, १२१, १२६, १२८ मिळतात. सर्वांत मोठी चूक ३ छटांची आहे. हे तिन्ही टप्पे नीट पाहिले म्हणजे ध्यानात येते, की चित्राची हानी फक्त क्वांटायझेशनमध्ये होते आणि ती किती व्हावी हे त्या मापाच्या हाती असते. गुणवत्ता सांभाळून आकार कमी करण्याचा सारा प्रश्न शेवटी हे माप कोठे मोठे आणि कोठे लहान ठेवायचे, येथे येऊन थांबतो.

दोन्ही शाखांचा संगम १९८१ मध्ये जसवंत जैन आणि अनिल जैन यांच्या निबंधात ठळकपणे दिसतो: ठोकळ्याठोकळ्याने गती शोधायची आणि अंदाजानंतर उरलेल्या फरकावर कोसाइन रूपांतर चालवायचे. तरीही व्यवहारातले पहिले आंतरराष्ट्रीय मानक, १९८४ चे एच.१२०, जुन्या बिंदूवार फरकावरच उभे होते. बिंदूमागे किमान एखादा बिट खर्च केल्याशिवाय त्या पद्धतीचे चालत नाही आणि कमी वेगाच्या दूरध्वनी वाहिनीवर तेवढा खर्च परवडत नाही, म्हणून त्याचे चित्र कोणालाच समाधान देऊ शकले नाही. या अनुभवातून शिकून जपानच्या एनटीटी कंपनीतील साकाए ओकुबो यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने एच.२६१ घडवले आणि १९९० मध्ये ते मान्य झाले. १६ बाय १६ बिंदूंच्या ठोकळ्यावर गतीचा अंदाज, ८ बाय ८ च्या तुकड्यांवर कोसाइन रूपांतर, रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा चौपट विरळ, आणि हे सारे ६४ किलोबिटच्या पटीतील वाहिन्यांवर: आजच्या प्रत्येक प्रचलित मानकाचा सांगाडा येथे पूर्ण झालेला दिसतो.

लिओनार्दो किआरिल्योने आणि हिरोशी यासुदा यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या एमपेग गटाने हाच सांगाडा घेऊन त्यात मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चौकटींवरून अंदाज बांधण्याची सोय केली. त्या गटाचे पहिले मानक १९९३ मध्ये आले आणि त्यावर बेतलेली व्हिडिओ सीडी महाराष्ट्रातही घरोघरी पोहोचली. मराठी चित्रपट आणि नाटके दोन-तीन तबकड्यांच्या संचात मिळत, कारण एका तबकडीत ७४ मिनिटेच मावत. त्या चित्रात धावपळीच्या प्रसंगी चौकोनी ठिगळे उमटत. चित्रासाठी सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट एवढाच ठरावीक वाटा होता, म्हणून गती वाढली की क्वांटायझेशनचे माप वाढवावे लागे आणि ८ बाय ८ च्या तुकड्यांच्या कडा उघड्या पडत. २००३ मधील एच.२६४ ने या कडा गुळगुळीत करणारी गाळणी अंदाजाच्या चक्रातच बसवली, गती पाव बिंदूच्या बारकाव्याने मोजली, ठोकळे ४ बाय ४ पर्यंत लहान केले आणि रूपांतर केवळ पूर्णांकांत होईल असे बदलले, जेणेकरून सर्व यंत्रांवर उत्तर अगदी तेच यावे.

या मानकांतील एक तरतूद सर्वांत दूरदृष्टीची म्हणावी लागेल. मानक फक्त डिकोडरचे, म्हणजे फाइल उलगडणाऱ्या भागाचे, वर्तन ठरवते. फाइल बनवणाऱ्या एन्कोडरने निर्णय कसे घ्यावेत यावर त्याचे बंधन नसते. म्हणून जुन्या यंत्रावर चालणारी फाइलही पुढच्या काळातील हुशार एन्कोडर अधिक लहान करू शकतो. एच.२६४ फाइली बनवणारा एक्स२६४ हा मुक्त स्रोत एन्कोडर याचे सर्वोत्तम उदाहरण. प्रत्येक ठोकळ्यासाठी तो अनेक पर्याय करून पाहतो आणि चित्रातील चूक व लागणारे बिट यांची भारित बेरीज ज्यात सर्वांत कमी तो निवडतो. संथ प्रीसेट, म्हणजे वेगाची तयार मांडणी, निवडल्यास तो अधिक पर्याय तपासतो आणि वेळ घेऊन त्याच प्रतीची फाइल लहान करतो. त्यातील सीआरएफ हा आकडा गुणवत्तेचे लक्ष्य सांगतो: पूर्वनिर्धारित मूल्य २३, आकडा जितका लहान तितके चित्र सरस, आणि ६ ने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. एच.२६४ मध्ये क्वांटायझेशनचे माप दर ६ पायऱ्यांना दुप्पट होते, त्याचाच हा पडसाद आहे. सीआरएफ पद्धतीत वेगवान प्रसंगांना मोठे माप आणि डोळा जेथे रेंगाळतो त्या स्थिर भागांना लहान माप मिळते, म्हणून बिटांचा वेग आधीच बांधून देण्यापेक्षा फाइल साठवण्यासाठी ती अधिक योग्य ठरते.

पूर्णांकात बसवताना एकदा गळालेले अपूर्णांक मात्र कोणतेही तंत्र परत आणू शकत नाही. आधीच संपीडित झालेली फाइल पुन्हा लहान करायला घेतली की दुसरा एन्कोडर पहिल्याने पाडलेली ठिगळे आणि कडांभोवतीच्या लहरी यांनाही चित्राचाच तपशील समजून त्यांवर बिट खर्च करतो आणि खऱ्या तपशिलाचा वाटा घटतो. म्हणून संपादन आणि संग्रह यांसाठी मूळ प्रत जपून ठेवून प्रत्येक नवी प्रत तिच्यावरूनच काढणे हाच एक मार्ग उरतो. चित्रपटाच्या फितीवरील कण तर मुळातच पुढच्या चौकटीत जसेच्या तसे न येणारे, म्हणजे अंदाजाला न जुमानणारे असतात, आणि जुन्या चित्रपटांच्या डिजिटल प्रती अपेक्षेपेक्षा मोठ्या का होतात याचे उत्तर तेथे आहे.

२०१३ चे एचईव्हीसी, २०१८ चे एव्ही१ आणि २०२० चे व्हीव्हीसी या तिन्हींनी ठोकळे मोठे केले, अंदाजाच्या रीती कितीतरी वाढवल्या आणि प्रत्येक वेळी बिटांची मोठी बचत साधली. परंतु अंदाजानंतर उरलेल्या फरकासाठी तिन्हींत मुख्य रूपांतर १९७४ चेच राहिले. व्हीव्हीसीमध्ये त्याची व्याप्ती ६४ बिंदूंपर्यंत नेलेली आहे आणि त्या सर्वांत लांब रूपांतरातून फक्त पहिले ३२ गुणांक ठेवायचे व उरलेले, जलद लहरींचे, थेट शून्य मानायचे असा नियमच मानकात लिहिलेला आहे.