अस्त्राचा उपसंहार

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे.

आमच्या नातवाला काल्पनिक जगाच्या कथा लिहिण्याचा छंद लागला आहे. त्याच्या जगात कारखाने नाहीत, वीज नाही. किल्ले, घोडे आणि तलवारी आहेत. परवा फोनवर म्हणाला, "आजोबा, अशा जगात एका फटक्यात अख्खे शहर संपवणारे शस्त्र हवे आहे. काय ठेवू?" मी म्हटले, "अरे, हे काम आपल्या महाभारतात कधीच होऊन गेले आहे. आणि त्या मंडळींनी तुझ्यापेक्षा एक प्रश्न जास्त विचारला होता." तो प्रश्न कोणता, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

आधी एक गैरसमज दूर करतो. महाभारतकाळी अणुबॉम्ब होता असे सांगणारा मजकूर आपल्या सर्वांच्या मोबाईलवर फिरून गेला असेल. हजार सूर्यांसारखा प्रकाश पडला, केस आणि नखे गळून पडली, मडकी आपोआप फुटली, असे त्यात असते. मूळ ग्रंथ उघडून पाहिला की गंमत कळते. हजार सूर्यांची उपमा गीतेच्या अकराव्या अध्यायातली, विश्वरूपदर्शनाची; तिथे अस्त्राचा संबंध नाही. केस, नखे आणि मडकी मौसलपर्वातली. यादवांच्या नाशाआधी जे अपशकुन झाले त्यांत मडकी तडकत आणि रात्री झोपलेल्या माणसांचे केस आणि नखे उंदीर कुरतडत, असे वर्णन आहे. उंदीर गाळले की किरणोत्सार तयार! पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे खपून, 1,259 हस्तलिखिते तपासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. इतक्या कष्टांनी शुद्ध केलेला ग्रंथ हाताशी असताना असल्या गोधडीवर विश्वास ठेवू नये, एवढेच म्हणतो.

पण बॉम्ब नव्हता म्हणून विषय संपत नाही. माझ्या मते खरा विषय तिथेच सुरू होतो. धनुष्यबाण आणि रथ एवढेच ज्यांनी पाहिले होते, त्या कवींनी सर्वनाशाचे शस्त्र नुसत्या कल्पनेने घडवले. आणि घडवतानाच त्याचे नियमही घडवले.

आदिपर्वात द्रोण अर्जुनाला ब्रह्मशिर अस्त्र देतात. देताना बजावतात की हे माणसांवर सोडायचे नाही. दुबळ्यावर पडले तर सारे जग जाळील. सौप्तिकपर्वात पुढची हकीकत कृष्ण सांगतो. अर्जुनाला मिळाले हे अश्वत्थाम्याला सहन झाले नाही, त्याने बापाकडे हट्ट धरला. मुलगा चंचल आहे हे द्रोण ओळखून होते. तरी त्यांनी दिले, नाखुशीने. वर म्हणाले, की तू सज्जनांच्या वाटेवर टिकणार नाहीस. मी आयुष्यभर वर्गात उभा राहिलो, म्हणून असेल, पण हा प्रसंग मला कुरुक्षेत्राच्या युद्धाहून भयंकर वाटतो. गुरूला सगळे दिसते आहे आणि बापाच्याने नाही म्हणवत नाही.

पुढे हाच अश्वत्थामा द्वारकेला गेला आणि कृष्णाला म्हणाला, की माझे ब्रह्मशिर घे आणि तुझे चक्र दे. कृष्ण म्हणाला, घे उचलून. त्याला ते डाव्या हाताने हलेना, उजव्यानेही हलेना. मग कृष्णाने विचारले, हे कोणाविरुद्ध वापरणार होतास? उत्तर आले, तुझ्याचविरुद्ध. शस्त्रांच्या बाजाराची इतकी नेमकी गोष्ट दुसरी क्वचितच असेल.

आता शेवटचा प्रसंग. रात्री झोपलेल्या छावणीची कत्तल करून अश्वत्थामा गंगाकाठी व्यासांजवळ येऊन बसला आहे. पांडव मागावर आलेले दिसताच तो गवताची एक काडी उचलतो आणि पांडवांचा नाश व्हावा म्हणून तिच्यावर अस्त्र योजतो. उत्तर म्हणून अर्जुनही अस्त्र सोडतो. पण सोडताना गुरुपुत्राचे, आपले आणि भावांचे कल्याण चिंततो आणि अस्त्राने अस्त्र शांत व्हावे म्हणतो. दोन अग्नींच्या मधोमध व्यास आणि नारद जाऊन उभे राहतात. व्यास सांगतात, की जिथे ब्रह्मशिराला तसल्याच अस्त्राने रोखले जाते त्या देशात बारा वर्षे पाऊस पडत नाही. म्हणजे जिंकले कोणीही, तरी जमीन नापीक.

अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला घेता येत नाही. मागे घेण्यासाठी संयम लागतो; ज्याच्याजवळ तो नाही त्याने प्रयत्न केला तर अस्त्र त्याचाच शिरच्छेद करते. मग ते कुठेतरी पडायला हवे, म्हणून तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. युद्धात ज्यांचा काही संबंध नाही, जे अजून जन्मलेही नाहीत, त्यांच्यावर.

अस्त्र सोडण्याला प्रयोग म्हणतात आणि मागे घेण्याला उपसंहार. शाळेत मी मुलांना निबंधाच्या शेवटी उपसंहार लिहायला सांगत असे, तोच हा शब्द. प्रयोग तर अश्वत्थाम्यालाही येत होता. कवींनी जास्त विचारलेला प्रश्न तो हा: उपसंहार कोणाला येतो?

इतरत्रही माणसांना ही धास्ती होतीच. सातव्या शतकात बायझंटाईन साम्राज्याला 'ग्रीक अग्नी' सापडला. नळीतून फवारायचा आणि पाण्यावरही जळत राहणारा हा द्रव सीरियातल्या हेलिओपोलिसहून आलेल्या कॅलिनिकोसने आणला, असे बखरकार सांगतात. दहाव्या शतकात सम्राट सातवा कॉन्स्टंटाईन आपल्या मुलाला लिहितो, की परक्यांनी तो मागितला तर सांगावे, हे गुपित देवदूताने दिले आहे आणि दुसऱ्याला देणाऱ्यावर शाप आहे. लाच घेऊन ते देणारा एक सरदार चर्चमध्ये शिरताना आकाशातल्या अग्नीने जळाला, अशी कथाही तो जोडतो. गुपित इतके राखले गेले, की त्याची नेमकी कृती आज कोणालाच माहीत नाही. पण तिथे भीती होती ती शस्त्र शत्रूच्या हाती जाण्याची. आपल्याच हातातले मागे घेता येईल का, हा प्रश्न तिथे नाही.

विसाव्या शतकात हा प्रश्न खराखुरा पुढे आला, आणि तोही एका कादंबरीच्या वाटेने. एच. जी. वेल्स यांनी 1914 साली 'द वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीत अणुबॉम्ब कल्पिला. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी ती 1932 मध्ये वाचली. 1933 मध्ये लंडनला त्यांना अणूंच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली. तिचे पेटंट त्यांनी 1936 मध्ये ब्रिटिश नौदल खात्याच्या हवाली केले, ते गुप्त राहावे म्हणून. हे थेट द्रोणांचे वागणे! पुढे हिटलरच्या हाती आधी बॉम्ब पडेल या भीतीने त्यांनीच अमेरिकेला जागे केले. आणि जुलै 1945 मध्ये त्याच झिलार्डनी जपानवर तो टाकू नये म्हणून अर्ज लिहिला. एकूण सत्तर जणांच्या सह्या झाल्या. 6 ऑगस्टला हिरोशिमा झाले. प्रयोग सुचलेल्या माणसाने उपसंहार मागितला, पण तोवर अस्त्र त्याच्या हातात राहिले नव्हते.

महाभारतात उत्तरेचे मूल मृत जन्मते आणि कृष्ण त्याला जिवंत करतो. तोच परीक्षित. त्याचा मुलगा जनमेजय, ज्याच्या सर्पसत्रात वैशंपायन ही सारी कथा सांगतात. म्हणजे जो वंश अस्त्राने मुळासकट खुडायचा होता, त्याच वंशातला राजा ती ऐकतो आहे. आणि तो स्वतः काय करतो आहे? बापाला साप चावला म्हणून जगातले सगळे साप जाळतो आहे. तिथे आस्तीक नावाचा एक लहान ऋषिकुमार येतो, राजाकडून वर मिळवतो आणि एवढेच मागतो: यज्ञ थांबव. राजा नाखुशीने का होईना, थांबवतो. उरलेले साप वाचतात.

काल्पनिक जगे रचणाऱ्या सगळ्या तरुण मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे. शस्त्र हवे तेवढे मोठे करा, पण तुमच्या कथेत एखादा आस्तीकही ठेवा.