अभिजात भाषांची परीक्षा आणि कोल्हापूरचा वामन आपटे

स्मरणिकेसाठी लेख लिहिताना बहुतेक जण शाळेच्या आठवणी सांगतील. त्या मलाही सांगता येतील. पण आपल्यातल्या ज्या मोजक्या मुलांनी आठवीला संस्कृत घेतले आणि पुढे पदवीपर्यंत सोडले नाही, त्यांच्या वतीने मी थोडा इतिहास सांगणार आहे. आपण ज्या परीक्षेसाठी रात्री जागवल्या, ती परीक्षा आली कुठून आणि तिची दारे कोणाला उघडी होती, याचा हा इतिहास.

आपल्याकडची जुनी विद्या पाठशाळेतली. विद्यार्थी गुरूपाशी एकेक शास्त्र वर्षानुवर्षे शिकत असे आणि त्याची कसोटी पाठांतरात व वादसभेत लागे. ठरलेली पुस्तके, तीन तासांची लेखी प्रश्नपत्रिका, न वाचलेल्या उताऱ्याचे भाषांतर, इंग्रजीतून त्या भाषेत रचना, व्याकरण आणि वाङ्मयाचा इतिहास ही घडण विलायतेतल्या ग्रीक-लॅटिनच्या परीक्षांची. तिथला विद्यार्थी होमर, सोफोक्लीस, व्हर्जिल आणि सिसेरो यांवर जी मेहनत करी, तीच पुढे आपल्याकडे कालिदास, भवभूती आणि बाण यांच्या वाट्याला आली.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. १८६२च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे स्वतः ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक. उच्च शिक्षण म्हणजे अभिजात भाषा, असा तो काळ होता. या विचाराचा एक लाभ झाला आणि एक तोटा. लाभ असा, की संस्कृतला ग्रीक-लॅटिनच्या पंगतीला पाट मिळाला. तोटा असा, की मराठी पदवीच्या अभ्यासक्रमाबाहेर गेली. ती परत यावी म्हणून रानड्यांनी अखेरपर्यंत पाठपुरावा केला, आणि विसावे शतक उजाडता उजाडता एम.ए.ला मराठीचा प्रवेश झाला.

परीक्षा आली, पण तिच्यासाठी पुस्तके नव्हती. भांडारकरांनी १८६०च्या दशकात इंग्रजी शाळांतल्या मुलांसाठी संस्कृतची दोन क्रमिक पुस्तके लिहिली. मुंबईत ब्यूलर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न हे जर्मन पंडित शिकवू लागले आणि दोघांनी मिळून मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. पोथ्या ताडून पाठ ठरवायचा, खाली पाठभेद द्यायचे, शेवटी टिपा जोडायच्या, ही युरोपातली शिस्त त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याच्या हाती आली.

या साऱ्यात आपल्या जिल्ह्याशी नाते सांगणारा माणूस म्हणजे वामन शिवराम आपटे. जन्म १८५८, सावंतवाडी संस्थानातला. वडील लहानपणीच गेले. आई मुलांना घेऊन कोल्हापुरास आली आणि थोड्याच काळात तीही गेली. अशा पोरक्या मुलातली चमक राजाराम हायस्कूलचे हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे यांनी ओळखली. हेच कुंटे 'राजा शिवाजी' या काव्याचे कर्ते. १८७३ साली वामन मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचा मानकरी ठरला. पुढे डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांच्या हाताखाली शिकून १८७७ला बी.ए. आणि १८७९ला एम.ए. झाला.

आपट्यांचे मोठेपण पुढे आहे. स्वतः परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर दोनच वर्षांत, १८८१ साली, त्यांनी संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक काढले. त्यात कर्ता-क्रियापदाचा मेळ, मग एकेक विभक्ती, मग कृदन्ते, असे धडे लावलेले. प्रत्येक नियमाला नामांकित कवींची उदाहरणे आणि शेवटी भाषांतराचा सराव. लॅटिन शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकांची मांडणी ज्याला ठाऊक आहे, त्याला इथे ओळख पटते. १८९०मध्ये त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश निघाला. फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य असलेले आपटे १८९२ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारले. आज संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर हा कोश नाही असे सहसा होत नाही. ज्याला घरातून पोथी मिळाली नाही, गुरूघर मिळाले नाही, त्याला या दोन पुस्तकांनी घरबसल्या गुरू दिला.

पण दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, हेही लिहिले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे ते शिकू दिले गेले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या हिमतीने संस्कृतचा अभ्यास केला. पंडिता रमाबाईंना त्यांच्या वडिलांनी लोकविरोध पत्करून संस्कृत शिकवले. त्याच रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०१पासून वसतिगृहे उघडली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हा पाया नसता, तर १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ होऊनही कबनूरसारख्या गावातली शेतकऱ्यांची आणि मागवाल्यांची मुले तिथवर पोचली नसती.

मी एम.ए.ची तयारी गावातच राहून केली. रात्रपाळीच्या मागांची खडखड आणि समोर आपट्यांचा कोश. अनुभवाने सांगतो, या परीक्षेत गाइडे फार उपयोगी पडत नाहीत. आधी मूळ ग्रंथ वाचावा, अन्वय स्वतः लावावा, अडले तरच टीका पाहावी. रोज दहा ओळी, पण रोज. न वाचलेला उतारा ज्याला भीती घालत नाही, तो भाषा शिकला असे समजावे. ग्रीकचा विद्यार्थी असो की संस्कृतचा.

आणखी एक सुचवतो. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले आहे. पुलंनी सोफोक्लीसचे नाटक 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले आहे. नाट्यशास्त्र वाचणाऱ्याने ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवावीत. दुःखाचे नाटक ग्रीकांना का हवेसे वाटले आणि आपल्या नाटककारांनी शेवट गोड का केला, हा प्रश्न तेव्हाच नीट पडतो.

आपल्या मेळाव्याच्या निधीतून शाळेच्या ग्रंथालयाला आपट्यांचा कोश आणि ही पुस्तके द्यावीत, अशी माझी सूचना आहे. कोशाची किंमत आपण वाटून घेऊ. आठवीला संस्कृत घेणाऱ्या मुलामुलींसाठी दर रविवारी सकाळी एक तास द्यायला मी तयार आहे.