अल्पमोली कथांचे मोल

हैदराबादेतील जुन्या मराठी कुटुंबांचे वाचन गेल्या पंधरा-वीस वर्षांत कोणत्या वाटेने गेले याचा विचार करू लागल्यास एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. गौळीगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत आमच्या वडीलधाऱ्यांची बिऱ्हाडे होती आणि ईसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालय तेथून पायी जाण्यासारखे होते. पुढे मुलांच्या नोकऱ्या शहराच्या पश्चिमेस सरकल्या आणि त्यांच्यामागे आम्हीही कुकटपल्लीस येऊन राहिलो. २०१७ च्या नोव्हेंबरात मेट्रो धावू लागल्याने प्रवास सुकर झाला हे खरे. तथापि पुस्तक बदलून आणण्यासाठी खास सवड काढून जुन्या शहराकडे जाणारी पिढी आता उतारवयास लागली आहे. सुना-मुलींच्या आणि नातवंडांच्या हाती मराठी अक्षर येते ते बहुधा मोबाइलच्या पडद्यावर, आणि तेही पुष्कळदा चाळीस-पन्नास पानांच्या एखाद्या प्रणयकथेच्या किंवा अद्भुतकथेच्या रूपाने. अशी कथा कधी विनामूल्य, तर कधी दोन पेले चहाच्या किमतीत मिळते.

अशा कथांची परीक्षणे लिहावीत काय, हा प्रश्न आमच्या साहित्यमंडळींत अधूनमधून निघतो. ‘त्यांत काय परीक्षण करायचे आहे?’ असे म्हणून तो बहुधा तिथेच मिटवला जातो. आमचे मत याहून निराळे आहे आणि त्यास आधार मराठी कादंबरीच्या इतिहासाचाच आहे. स्वस्त कथेकडे ज्यांनी गंभीरपणे पाहिले त्यांच्यामुळेच त्या त्या काळच्या वाचकाचे मन आज आपणांस कळते, आणि जिथे कोणी पाहिले नाही तिथे आपल्या माहितीत मोठी पोकळी राहिली आहे.

लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली प्रसिद्ध झाली. पाठोपाठ १८६६ मध्ये त्यांचीच ‘रत्नप्रभा’ आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. राजपुत्र, राजकन्या, संकटे, वियोग, चमत्कार आणि शेवटी मीलन, असा या कादंबऱ्यांचा सर्वसाधारण साचा. पुढील काळात त्यांची पुष्कळ थट्टा झाली. परंतु रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत या अद्भुताचे कारण फार सरळपणे सांगून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की आपल्या लोकांतील विवाहादी रूढी अशा आहेत की रोजच्या व्यवहारातले लिहू गेल्यास त्यात मन गुंतवणारे काही सापडत नाही. सबब मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताकडे वळणे भाग पडते.

हे विधान आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. ज्या समाजात मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी वडीलधारी मंडळी ठरवून टाकीत, तिथे दोन तरुण जिवांनी एकमेकांस पाहावे, निवडावे आणि एकमेकांसाठी झुरावे यास जागाच नव्हती. ती जागा निर्माण करण्यासाठी लेखकास दूरचे राज्य आणि दैवी साहाय्य आणावे लागले. म्हणजे प्रणयकथा आणि अद्भुतकथा यांची जोडी आपल्याकडे केवळ लहरीने जमलेली नाही. जे घरात घडू शकत नव्हते त्यास कथेत परवानगी मिळावी यासाठी चमत्काराची योजना झाली. हा पुरावा कोणत्याही सरकारी दप्तरात मिळत नाही. तो ‘मंजुघोषे’सारख्या पुस्तकात मिळतो.

या पुस्तकांची चिकित्सा लवकरच सुरू झाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल व नाटक या विषयांवरील निबंध १८७२ सालचा. त्यांचा कल वास्तवाकडे आणि नीतीकडे होता, आणि कथांतील असंभाव्यता त्यांस खटकत होती. मात्र त्यांनी ही पुस्तके वाचली, त्यांचे गुणदोष मांडले आणि मराठी कादंबरीच्या समीक्षेस आरंभ करून दिला. त्यानंतर तीस वर्षांनी, १९०२ मध्ये, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुताची बाजू उचलून धरली. कागदपत्रांतील एकेका अक्षराची छाननी करणारा हा संशोधक अद्भुतरम्य कादंबरीस हलके मानीत नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या दोघांचे निष्कर्ष परस्परविरोधी असले तरी दोघांनीही विषय चर्चेस योग्य मानला, आणि आमच्या दृष्टीने महत्त्व त्यास आहे.

स्वस्त कथेचा दुसरा प्रवाह विलायतेतून आला. जी. डब्ल्यू. एम्. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाची लंडनच्या रहस्यांवरील कथामाला १८४४ पासून आठवड्यास एक पेनी या दराने निघू लागली. वाचकाने पुढचा अंक घ्यावा म्हणून प्रत्येक अंकाच्या शेवटी कोणी तरी संकटात सापडलेला असे. विलायतेतील समीक्षकांनी रेनॉल्ड्सला मोठ्या लेखकांच्या पंक्तीस बसवले नाही. पण हिंदुस्थानात त्याचे वाचक आणि रूपांतरकार उदंड झाले. हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ (१८८५) त्याच्याच आधाराने सुरू झाली, आणि गोविंद नारायणशास्त्री दातार यांच्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवन गुहा’ यांसारख्या कादंबऱ्यांमागेही तोच होता. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने हीच गोडी विसाव्या शतकात पोहोचवली. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांच्या हजाराहून अधिक छोटेखानी रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक यांनीही शेकड्यांनी पुस्तके दिली. वाचनालयांतून दिवसाच्या भाड्याने नेलेल्या या पुस्तकांची पाने वाचून वाचून सुटली, परंतु त्यांची गंभीर परीक्षणे फारच थोडी लिहिली गेली. परिणामी, अर्नाळकरांविषयी आपण आज आदराने बोलतो तेव्हा आपल्या बोलण्यात बहुधा पुस्तकांच्या संख्येचाच उल्लेख असतो. कोणत्या पुस्तकात काय साधले, कोणते फसले, हे सांगणारा क्वचित भेटतो.

समीक्षकांनी टाळलेल्या कथेवर एकदा न्यायालयास अभिप्राय द्यावा लागला, आणि त्या प्रकरणाचा आमच्या शहराशी संबंध आहे. चंद्रकांत काकोडकर हे अत्यंत लोकप्रिय प्रणयकथाकार. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी निकाल काकोडकरांच्या बाजूने लागला. तो निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डी यांनी. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि पुढे उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

निकालपत्रात कथेचे सार दिले आहे आणि आक्षेपार्ह म्हणून दाखवलेले उतारे एकेक करून तपासले आहेत. कथा उच्च साहित्यिक दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तीत दिसत असेल. तथापि समग्र वाचता ती वाचकाचे मन भ्रष्ट करणारी ठरत नाही, असा त्याचा मथितार्थ. दर्जा आणि दोष हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि उतारा तोडून न वाचता कथा पूर्ण वाचली पाहिजे, ही दोन्ही सूत्रे कोणत्याही परीक्षकाने पाठ करावीत अशी आहेत. मराठीतील एका स्वस्त प्रणयकथेचे इतके काळजीपूर्वक वाचन हैदराबादशी नाते असलेल्या एका तेलुगू न्यायमूर्तींनी केले, याचे आम्हांस कौतुक वाटते. त्याच वेळी, हे काम मराठी नियतकालिकांनी आधी का केले नाही, असाही प्रश्न पडतो.

कुकटपल्लीतील आमचे शेजारी बहुतांशी तेलुगू. त्यांच्या घरांत यद्दनपूडी सुलोचना राणी (निधन २०१८) हे नाव आजही आपुलकीने घेतले जाते. हैदराबादेत राहून लिहिणाऱ्या या बाईंची ‘सेक्रेटरी’ ही कादंबरी १९६० च्या दशकात घराघरांत वाचली गेली आणि १९७६ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. नोकरी करणारी स्वाभिमानी मुलगी आणि श्रीमंत नायक हा तिचा विषय. अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलींस त्या काळी घरात बोलणी बसत. आज त्याच स्त्रिया आजी झाल्या असून आपल्याला वाचनाची गोडी त्यांतूनच लागली असे अभिमानाने सांगतात.

आता आजच्या कथांकडे वळू. बंगळूर येथे २०१४ साली सुरू झालेले प्रतिलिपी, २०१६ च्या डिसेंबरापासून मराठी पुस्तके देऊ लागलेले किंडल, विनामूल्य पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचवणारे ई साहित्य प्रतिष्ठान, अशा मार्गांनी त्या येतात. आम्ही गेल्या काही महिन्यांत यांपैकी पुष्कळ कथा नेटाने वाचल्या. दोष उघड आहेत. संपादकाचा हात फिरलेला नसल्याने ऱ्हस्वदीर्घाची दैना आहे. विशेषणांचा भडिमार आहे. नायकाचा कारभार कोट्यवधींचा, पण तो नेमका कशाचा हे शेवटपर्यंत कळत नाही. काही कथा उगाच लांबवल्या आहेत. त्यासही कारण आहे. किंडलच्या वर्गणी योजनेत २०१५ पासून लेखकास मोबदला वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने मिळतो. रेनॉल्ड्सच्या पेनी-अंकांत वाचकास टांगून ठेवण्याची जी गरज होती तीच येथे निराळ्या वेषात परत आली आहे. मोबदल्याची रीत समजल्यावाचून कथेच्या रचनेवर टीका करणे अपुरे ठरते.

परंतु रिसबुडांचा निकष लावून पाहिला असता या कथा बोलू लागतात. आजच्या नायक-नायिकेची भेट घडवण्यास चमत्कार लागत नाही. कचेरी, महाविद्यालय, लग्नसमारंभ पुरेसे होतात. चमत्कार लागतो तो पुढे. करारापुरते लग्न करून नंतर प्रेम जुळणे, पूर्वजन्मीची ओळख पटणे, शापित वाड्यातून एकमेकांस सोडवणे, या युक्तींनी कथा जे मिळवून देते ते असे: नायिकेची नोकरी न सुटता संसार, तिचे म्हणणे ऐकून घेणारी सासू, शहरात स्वतःचे घर आणि दोन्हीकडच्या मंडळींची राजीखुशी. १८६८ मध्ये निवडीचे स्वातंत्र्य अद्भुत होते. आज निवड केल्यानंतर सुखाने जगता येणे अद्भुत झाले आहे. आमच्या घरांतील मुली या कथा का वाचतात याचे उत्तर यात आहे, आणि ते जाणून घेण्यास एखाद्या सासऱ्याने चाळीस पाने वाचण्याचे कष्ट घेण्यास हरकत नसावी. शिवाय एका कथेत ‘काय करायलास?’ ही मराठवाडी विचारणा भेटली. आमच्या घरांत अजून बोलली जाणारी ही भाषा छापील मराठी कादंबरीत आम्हांस क्वचितच आढळते.

परीक्षण लिहिण्याचे आणखी एक कारण आहे, आणि सरकारी सेवेत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस ते सर्वांत निकडीचे वाटते. इंग्रजी अमदानीत १८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्यान्वये प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद होऊ लागली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी टिपण लिहिले तेव्हा अशा याद्यांचाच आधार घेतला. शंकर गणेश दाते यांनी अफाट परिश्रमाने १८०० ते १९३७ आणि पुढे १९५० पर्यंतची मराठी ग्रंथसूची सिद्ध केली, आणि त्यामुळे सामान्य पुस्तकाचेही नाव उरले. मूळ कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता; निजामाच्या राज्यास तो लागू नव्हता, त्यामुळे हैदराबादेत छापलेल्या मराठी पुस्तकांना ते दप्तर लाभले नाही. नोंदीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आमच्या शहरास निराळे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य सार्वजनिक ग्रंथालये यांस देणे प्रकाशकावर बंधनकारक केले. त्यातील पुस्तकाची व्याख्या मुद्रित पुस्तकाची आहे. पडद्यावरील कथा तीत बसत नाही. १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या अधिनियमाने घेतली आणि तो १ मार्च २०२४ पासून अंमलात आला; तो नियतकालिकांपुरता असून पुस्तके त्यातून वगळली आहेत. विक्रेत्याने दुकान बंद केले की पडद्यावरील पुस्तक जाते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांस पैसे परत मिळाले, मात्र विकत घेतलेली पुस्तके त्यांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली. अर्नाळकरांची फाटकी प्रत कोणाच्या तरी माळ्यावर सापडते. या कथांना माळाही नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. या पत्रिकेने प्रत्येक अंकात दोन पाने अशा कथांच्या परीक्षणास द्यावीत. परीक्षणात कथेचे व लेखकाचे नाव, ती कोठे व केव्हा प्रसिद्ध झाली, किंमत आणि पाने, स्वतंत्र की रूपांतरित, एवढ्या बाबी प्रथम नोंदवाव्यात. त्यानंतर कथेचे सार, भाषेविषयी दोन शब्द आणि शेवटी परीक्षकाचे मत. मत कडक असले तरी चालेल. कथा पूर्ण वाचलेली असावी. परीक्षक एकाच वयाचे नसावेत. घरातील लेकीसुनांनाही लेखणी द्यावी, कारण या वाचनातल्या जाणत्या त्याच आहेत. वर्षअखेरीस परीक्षणांची यादी छापून तिची एक प्रत ईसामिया बाजारातील ग्रंथसंग्रहालयाकडे पाठवावी.

पहिल्या सहा कथांची परीक्षणे लिहून देण्याची आमची तयारी आहे. पुढील अंकासाठी वाचकांनी आपापल्या घरात सध्या वाचल्या जाणाऱ्या कथांची नावे संपादकांकडे कळवावीत, ही विनंती.