प्रवाशांनी पाहिलेली नगरे आणि बंदरावरच्या सोळा पायऱ्या

ब्रॅकनेल पाहावयास मुद्दाम कोणी प्रवासी येत नाही. १९४९ साली सरकारने ह्या लहानशा बाजारगावाला नवनगर ठरविले, आणि युद्धात पडझड झालेल्या, दाटीवाटीच्या लंडनमधील कुटुंबे येथे येऊन वसली. घर हवे असेल तर बहुधा गावातल्याच एखाद्या कारखान्यात वा कचेरीत नोकरी असावी लागे. वाटसरूच्या ध्यानात राहतात ते एकामागून एक येणारे येथील वाटोळे चौक, आणि फार तर पॉइंट रॉयल ही षट्कोनी, उंच इमारत. ग्रेट हॉलंड्ससारख्या वस्तीत रस्त्यांच्या नावांपुढे ‘रोड’ की ‘स्ट्रीट’ काहीच लिहिलेले नाही. त्याची मौज नवख्या टपालवाल्यालाच ठाऊक. मी ह्याच गावात शिकलो व ह्याच गावात शिकवितो, त्यामुळे “तुमच्या गावात पाहण्यासारखे आहे तरी काय?” असे कोणी विचारले की मला थोडा राग येतो, हे कबूल करतो.

गेल्या वर्षी मात्र मी स्वतःच प्रवासी झालो. माझी आई परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी तरुणपणी मॉरिशसहून इंग्लंडात आली. तिचे पणजोबा करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून त्या बेटावर गेले होते. परंतु कोकणातल्या कोणत्या गावाहून, हे घरात कोणासच सांगता येत नव्हते. “डोळे मिटायच्या आधी आपलं गाव कोणतं ते कळू दे रे,” असे ती म्हणाली आणि मी निघालो. निघण्यापूर्वी, शिक्षकाच्या खोडीप्रमाणे, त्या बेटावर जाऊन आलेल्या जुन्या प्रवाशांची वर्णने वाचून काढली.

पोर्ट लुईला खरे नगराचे रूप दिले ते १७३५ साली आलेल्या ला बुर्दोने ह्या फ्रेंच गव्हर्नरने. १८१० साली बेट इंग्रजांकडे गेले. पुढे १८३६ च्या एप्रिलअखेर ‘बीगल’ जहाजातून डार्विन तेथे उतरला. स्वच्छ, सरळ रस्ते, टुमदार नाटकगृह आणि पुस्तकांनी भरलेली दुकाने पाहून तो प्रसन्न झाला. पण त्याच्या वर्णनातला मला विशेष वाटलेला भाग निराळाच आहे. हिंदुस्थानातून जन्मठेपेवर धाडलेले सुमारे ८०० कैदी त्या वेळी बेटावर सार्वजनिक बांधकामांवर राबत होते. बंगालप्रमाणेच मुंबई इलाख्यातूनही असे कैदी तेथे पाठविले जात. त्यांची उमदी चर्या पाहून डार्विन चकित झाला; हिंदी माणसे इतकी भारदस्त दिसत असतील अशी त्याची कल्पनाच नव्हती. सत्तावीस वर्षांच्या त्या परक्या तरुणाने बांधकामावरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले, ह्याबद्दल मी त्याला पुष्कळ गुण देतो.

त्यानंतर साठ वर्षांनी, १८९६ साली, मार्क ट्वेन आला. मॉरिशस आधी घडले व स्वर्ग त्याच्या नमुन्यावर बेतला, हे वाक्य आज सर्रास त्याच्या नावावर खपते. वास्तविक त्याने ते एका स्थानिक रहिवाशाच्या तोंडी घातले आहे, आणि तेही किंचित थट्टेने! क्युरपिप हे डोंगरमाथ्यावरचे नगर त्याने पाहिले. त्या नगराची भरभराट झाली ती एका आपत्तीमुळे. १८६६ ते १८६८ च्या हिवतापाच्या साथीने पोर्ट लुईत हाहाकार उडाला, आणि ज्यांना परवडले ते नव्या आगगाडीच्या सोयीने वरच्या थंड हवेत राहावयास गेले. आईचे बालपण जवळच वाक्वाला गेले. तिच्या आठवणीतील स्वर्गात कपडे वाळत नसत आणि चामडी वहाणांना बुरशी येई. उतारूंची ती आगगाडी १९५६ साली बंद पडली. २०२२ पासून पुन्हा क्युरपिपपर्यंत विजेची गाडी जाते.

कास्कावेलला आपली मराठी वस्ती आहे. तेथील झाकरी म्हणजे आपल्या कोकणची जाखडी. फेर कोकणचा, आणि थांबल्यावरच्या गप्पा क्रिओल भाषेत!

परंतु मी गेलो होतो ते ज्या प्रवाशांनी काहीच लिहून ठेवले नाही त्यांच्यासाठी. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर ह्या बेटावर उतरले. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. १८४९ पासून तेथे येणाऱ्यांची नोंद होत असे. जुन्या आवारापैकी आज थोडेच शिल्लक आहे. त्या सोळा दगडी पायऱ्या मात्र आहेत. मी त्या मोजल्या. बोटीतील आठवड्यांच्या डोलण्यानंतर पहिल्या पायरीवर पाय ठेवणाऱ्याला पोर्ट लुई कसे दिसले असेल? रस्ते सरळ आहेत की वाकडे, नाटकगृह टुमदार आहे की नाही, ह्याची त्याला काय मातब्बरी! मागे पाणी, पुढे कारकुनाचे मेज.

त्या मेजावरच्या वह्या आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. आमच्या पणजोबांची ओळ सापडली तेव्हा प्रथम ओळखूच आली नाही. ‘विठोबा’चे ‘विट्टू’ झाले होते. वय बावीस. डाव्या भुवईवर व्रण. ती खूण वाचताना माझा हात नकळत माझ्या भुवईकडे गेला. जिल्हा ‘रुतनागेरी’, म्हणजे अर्थातच रत्नागिरी; सिंधुदुर्ग तर १९८१ साली वेगळा झाला. आणि गाव ‘वरवद’. कोकणी माणूस बोलला, परक्या कानाने ऐकले, परक्या लेखणीने लिहिले. हे मालवण तालुक्यातले वराड, की कणकवलीजवळचे वरवडे? आणि वरवडे तर रत्नागिरीजवळही एक आहे.

परत आल्यावर ती चिठी मी आईपुढे ठेवली. तिने चष्मा लावून अक्षरे दोनतीनदा पुटपुटली, एकदा क्रिओलच्या धाटणीने, एकदा तिच्या आजीच्या धाटणीने. मग निर्णय न देता चिठी घडी करून देव्हाऱ्यातल्या गणपतीखाली ठेवली. येत्या हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही कोकणात जाणार आहोत. आधी वराड, मग कणकवलीचे वरवडे, शेवटी रत्नागिरीचे, असा क्रम तिनेच लावला आहे.