ईजीएफआर बदल असलेला फुप्फुसाचा कर्करोग : पहिला उपचार

फुप्फुसाबाहेर पसरलेल्या कर्करोगाच्या पेशींत ईजीएफआर या जनुकात बिघाड सापडला, तर उपचाराची सुरुवात कशाने करावी, हा या नोंदीचा विषय. हा बिघाड सहसा वारशाने येत नाही, गाठीतच घडतो. कधीच सिगारेट न ओढलेल्यांत, स्त्रियांत आणि आशियाई लोकांत तो जास्त आढळतो.

सगळे ठरते ते मेणाच्या ठोकळ्यावरून. बायोप्सीच्या सुईतून आलेला दोऱ्याएवढा तुकडा पॅराफिनमध्ये बसवतात. हा ‘ब्लॉक’ पिशवीत जपून घेऊन नातेवाईकच एका लॅबमधून दुसरीत जाताना दिसतात. तुकडा अपुरा पडला, तर रक्तातूनही तपास होतो. रिपोर्टला एक-दोन आठवडे लागतात आणि घरच्यांचा धीर सुटतो. तरी प्रकृती साथ देत असेल, तर थांबावेच. दम फारच लागत असेल, तर केमो सुरू करता येते. इम्युनोथेरपीची घाई मात्र नको. या रुग्णांना तिचा गुण कमी येतो आणि तिच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब ही ईजीएफआर रोखणारी गोळी दिल्यास फुप्फुसांना गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो.

नुसत्या अंदाजाने ईजीएफआर रोखणारी गोळी देऊ नये, हा धडा 2009च्या ‘आयपास’ चाचणीने दिला. बिघाड असलेल्यांत जेफिटिनिब ही अशी जुनी गोळी केमोपेक्षा सरस ठरली. बिघाड नसलेल्यांत केमोच बरी निघाली. रुग्ण मात्र सगळे आशियाई, बहुतेक कधीच धूम्रपान न केलेले.

पुढे ‘फ्लॉरा’ चाचणीत ओसिमर्टिनिब घेणाऱ्या निम्म्या रुग्णांत आजार 18.9 महिने वा अधिक काळ आटोक्यात राहिला. जेफिटिनिबसारख्या जुन्या गोळ्यांवर हाच आकडा 10.2 होता. मेंदूतल्या गाठींपर्यंतही हे औषध चांगले पोहोचते. अडचण किमतीची; जेफिटिनिब त्यामानाने स्वस्त.

म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलचे काम मोलाचे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत 350 रुग्ण होते. नुसत्या जेफिटिनिबवर 8 महिने, तर सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमो दिल्यावर 16 महिने आजार रोखला गेला. त्याची किंमतही होती : गंभीर दुष्परिणाम 25 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर गेले. ‘फ्लॉरा 2’ चाचणीत ओसिमर्टिनिबला केमोची जोड दिली, तेव्हा निम्मे रुग्ण 47.5 महिने किंवा अधिक जगले. एकट्या गोळीवर 37.6.

आजार मेंदूत पोहोचलेला, फैलाव मोठा आणि रुग्ण धडधाकट असेल, तर जोडउपचाराकडे कल झुकतो. थकलेल्या वयस्कर माणसाला सलाइनसाठी दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात आणण्यापेक्षा घरी रोज एक गोळी देणे जास्त रास्त. तीही निरुपद्रवी नसते : पुरळ, जुलाब, नखांच्या कडा सुजून शर्टाची बटणेही लावता न येणे.

रिपोर्टवर नुसते ‘पॉझिटिव्ह’ वाचून भागत नाही. जनुकाच्या एक्सॉन 19 या भागातली तूट किंवा एल858आर हा बदल असेल, तर वरचे सारे लागू. एक्सॉन 20मधल्या बहुतेक भरींवर जेफिटिनिब चालत नाही. तिथे केमोसोबत अमिव्हँटामॅब हा पर्याय आहे.